डायनासोरच्या पोटाला दार

नव्या बाईंनी फळ्यावर हत्ती काढला आणि मोठ्या आशेने विचारलं, "सांगा बरं, हे काय?"

"किटली!" पहिलीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

बाईंनी घाईघाईने सोंड लांबवली, तर किटलीची झारी झाली. मग त्यांनी दोन भलेमोठे कान काढले, तेव्हा मागच्या बाकावरून एक काळजीचा आवाज आला, "बाई, झारीला पंखे कशाला?"

तशा नव्या बाई कशातच कमी नव्हत्या. गोष्ट सांगायला लागल्या की मुलं डबा खायचं विसरत. एकाच राक्षसाला त्या तीन आवाज द्यायच्या, सकाळचा, दुपारचा आणि सर्दी झाल्यावरचा. पण हातात खडू आला की हाताचं आणि डोक्याचं बोलणंच बंद व्हायचं. डोक्यात ससा असायचा, फळ्यावर बटाटा उतरायचा. मागच्या आठवड्यात त्यांनी मोर काढला होता, आणि एक मुलगी "झाडू" म्हणून मोकळी झाली होती.

आणि गाठ पडली ती नेमकी चित्राशीच. पहिलीच्या आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, आणि आता आपण परत येणार नाही असं त्यांनी कळवलं होतं. ती जागा नव्या बाईंना द्यायची की नाही, हे मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ठरवणार होत्या. त्यांनी ऑफिसात बोलावून सांगितलं, "बुधवारी तिसऱ्या तासाला मी तुमच्या वर्गात बसेन. एखादा विषय गोष्ट आणि चित्र यांतून शिकवा. त्यावरून ठरवू."

गोष्ट आणि चित्र. ते 'आणि' नव्या बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते घरी पोचेपर्यंत खाली उतरेना.

"ताई, तू ना उगाच रडतेस," धाकटी बहीण म्हणाली. ती नववीत होती आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नुकतीच तिच्या हाती आली होती. "असं काहीतरी घे ना, जे कुणी बघितलेलंच नाहीये."

"म्हणजे काय?"

"डायनासोर! कसाही काढ. चुकलं म्हणणार कोण? फोटो आहे का कुणाकडे?"

नव्या बाई बघतच राहिल्या. "तू फार हुशार झालीस गं."

"झाले नाही, होतेच. तुमचं लक्ष नव्हतं."

दोघी बहिणी त्या रात्री निवांत झोपल्या. हिशेब अगदी चोख होता. त्यात फक्त एक गोष्ट धरायची राहून गेली होती, ती म्हणजे सहा वर्षांची मुलं.

आता पुढचं सांगण्याआधी या शाळेची एक रीत सांगायला हवी. शाळेत एकाही वर्गात घड्याळ नव्हतं. पूर्वी होती. पण एकाचं पुढे, एकाचं मागे, असं होऊन एकदा दोन सर एकाच वेळी एकाच वर्गात शिरले आणि दोघंही बाहेर पडायला तयार होईनात. तेव्हा मोठ्या बाईंनी सगळी घड्याळं उतरवली. "घड्याळं भांडतात, घंटा भांडत नाही," असं त्या म्हणायच्या. व्हरांड्यात एक जाडजूड घंटा टांगलेली होती, घंटेखाली स्टूल, स्टुलावर शिपाईकाका, आणि काकांच्या मनगटावर शाळेतलं एकमेव मान्यता असलेलं घड्याळ. काका टोल देणार, मग शाळा हलणार. खुद्द मोठ्या बाईसुद्धा टोल पडल्याशिवाय खुर्चीतून उठायच्या नाहीत.

बुधवारी दुसऱ्या तासाला नव्या बाईंनी रंगीत तालीम घ्यायची ठरवली. "फार फार वर्षांपूर्वी," त्यांनी सुरुवात केली, "जेव्हा माणसं नव्हती, घरं नव्हती, शाळा नव्हती..."

"अरे वा!" भोंगा म्हणाला. भोंगा हा वर्गातला सगळ्यात छोटा मुलगा, पण तो हळू बोलला तरी समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येत.

बाईंनी हसून फळ्याकडे वळून डायनासोर काढला. चांगला ऐसपैस काढला. मग खडूचे हात झटकत त्या बाजूला झाल्या.

वर्ग विचारात पडला.

"उशी?" एकाने भीत भीत विचारलं.

"शेपटीवाली उशी," दुसऱ्याने दुरुस्ती केली.

मग बोळकी उभी राहिली. तिचे पुढचे दोन्ही दात पडलेले होते, म्हणून ती बोळकी. बाकीच्या मुलांना जशी काका-मामांची नावं पाठ असतात, तशी तिला डायनासोरांची पाठ होती. "बाई, हा कुठला काढलाय?"

"कुठला म्हणजे? डायनासोर."

"हो, पण कुठला? लांब मानेचा असेल तर मान कुठंय? शिंगांचा असेल तर शिंगं कुठंयत? आणि दोन पायांवर चालणारा असेल तर हे बाकीचे तीन पाय कुणाचे?"

बाईंनी मोजले. पाच होते.

"त्यातली एक शेपटी आहे," बाई म्हणाल्या.

"मग हे काय आहे?" बोळकीने दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं.

धाकटी बहीण आत्ता समोर असती तर त्यांनी तिला फोटोसकट पाच पायांचा डायनासोर दाखवला असता. इतक्यात बोळकीच दयाळूपणे म्हणाली, "जाऊ दे बाई. आमच्याकडे पुस्तक आहे ना, त्यात लिहिलंय. लांब मानेचा दोन बसएवढा असतो. तो फळ्यावर मावतच नाही."

"बरोबर!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की खडू खाली पडला. "म्हणूनच आपण तो फळ्यावर काढणारच नाही आहोत. बाहेर पटांगणात काढायचा. खराखुरा, तेवढाच मोठा! आणि मी नाही काढणार. तुम्ही काढणार!"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. नव्या बाईंना खडूचा मिळाला, तोही दुसऱ्याच्या हातातल्या.

पटांगणात एकच धांदल उडाली. कुणी पाय घेतला, कुणी शेपूट घेतली. बोळकी पाठीमागे हात बांधून इमारत बांधून घेणाऱ्या मुकादमासारखी फिरत होती. "मान अजून. अजून. थांबू नको, अजून." शेपटीचं टोक एका बाजूला पाण्याच्या नळांपाशी गेलं, पोट ऑफिसच्या पायरीला लागून पसरलं, आणि मान वाढत वाढत फाटकापर्यंत गेली ती शेवटी बाहेरच पडली. डोकं रस्त्यावर आलं. बंद डोळा, बोथट दात, सगळं झालं. एका मुलीने पोटावर ओळीने बटणं काढली.

"बटणं का गं?" बाईंनी विचारलं.

"थंडी वाजेल ना त्याला."

चित्र खरोखर सुंदर झालं होतं. पण मुलंच ती. भोंगा आणि त्याचे दोन साथीदार मानेवरून धावत सुटले आणि अर्धी मान पुसट झाली. आता तिसऱ्या तासाला मोठ्या बाईंना दाखवायचं काय? बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि आपल्या खास गोष्टीच्या आवाजात त्या कुजबुजल्या, "शूऽऽ! तो झोपलाय."

मुलं जागच्या जागी थांबली.

"दिवसभर चालून दमलाय बिचारा. पोटभर पाला खाल्लाय, आणि आत्ता कुठे डोळा लागलाय. कुणी पाय दिला, कुणी आवाज केला, तर दचकून उठेल. आणि एवढा मोठा प्राणी दचकला, तर..."

वाक्य बाईंनी अर्धंच सोडलं. गोष्टीतली भीती नेहमी अर्ध्या वाक्यात राहते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं मुलांनी आपापल्या मनाने पूर्ण केलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

आधी मात्र चमत्कार झाला. शाळेतला सगळ्यात दंगेखोर वर्ग मांजराच्या पावलांनी चालू लागला. पुसलेली मान गुपचूप पुन्हा काढली गेली. भोंगा तर दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून उभा होता. नव्या बाईंना वाटलं, आता फक्त टोल पडू दे, मोठ्या बाई येऊ देत, आणि हे बघू देत!

शिपाईकाकांनी घड्याळात पाहिलं, हातोडी उचलली आणि स्टुलावरून उठले.

तीस मुलं चवड्यांवर धावली. भोंग्याने घंटेला मिठी मारली.

"काका, नको ना! उठेल!"

"कोण उठेल?"

सगळ्यांनी बोटं दाखवली. काकांनी शेपटीपासून फाटकापर्यंत नजर फिरवली. "अरे, खडूचा आहे तो."

"शूऽऽ! त्याला ऐकू जाईल," बोळकी म्हणाली.

"बाई," काका वळले, "माझा टोल आजवर चुकलेला नाही."

"एक मिनिट, काका. मी समजावते." बाईंनी मुलांना गोळा केलं. "हे बघा, आपण त्याला हळूच उठवू या का?"

"नको! शेपटी फटकारली तर नळ तुटतील."

"दुसरीचा वर्ग तिकडेच आहे. माझा दादा आहे त्यात."

"बरं मग..." बाईंनी दुसरा रस्ता शोधला. "असं समजू या, की डायनासोर फार वर्षांपूर्वीच नाहीसे झाले, म्हणजे हासुद्धा..."

बटणं काढणाऱ्या मुलीचा खालचा ओठ थरथरला. तिच्या शेजारचीचा थरथरला. ओठांची ही साथ वर्गभर पसरायच्या आत बाईंनी वाक्य गिळलं. आगीतून फुफाट्यात जाणं म्हणजे काय, हे पुस्तकातून त्यांनी कितीदा तरी शिकवलं होतं. आता पटांगणात उभ्या राहून त्या स्वतः शिकत होत्या. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टोल नाही, म्हणजे तिसरा तास नाही. तिसरा तास नाही, म्हणजे मोठ्या बाई येणार नाहीत. आणि त्या आल्याच नाहीत, तर नोकरी कसली नि काय कसलं!

टोल नाही म्हणून सगळी शाळाच अडकून पडली होती. वरच्या मजल्यावर सातवीला गणित होतं. गणिताच्या सरांचा तास एरवी कधीच पुरत नसे. आज तो संपेचना, तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "वा! आज तर आपण पुढचा धडाही उरकू!" त्यांचा आवाज खालपर्यंत आला, आणि त्यामागोमाग सातवीचा सुस्काराही. खिडकीतून एका मुलाने हातवारे करून विचारलं, टोल कुठंय? खालून तीस बोटं ओठांवर गेली.

तेवढ्यात फाटकाशी पाण्याचा टँकर येऊन थांबला. चाकांसमोर डायनासोरचं डोकं. ड्रायव्हरने हॉर्नवर हात नेला, तोच दोन मुलं हात पसरून आडवी आली.

"वाजवू नका! झोपलाय."

"कोण रे बाळा?"

ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं. बंद डोळा पाहिला, दात पाहिले. आता हा ओरडणार, असं समजून नव्या बाई धावतच गेल्या. "माफ करा हं, मी आत्ता..."

"राहू दे बाई, राहू दे," तो कुजबुजला आणि त्याने इंजिन बंद केलं. "आमच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे. झोपलेल्याला उठवायची आता माझी छातीच होत नाही."

नव्या बाई फाटकातून परत वळल्या. ऑफिसचं दार उघडत होतं. आतमध्ये मोठ्या बाईंनी टोलाची वाट पाहून पाहून सगळे पेपर तपासले होते, पेन्सिलींना टोकं काढली होती, आणि शेवटी आयुष्यात पहिल्यांदा त्या टोलाशिवाय उठल्या होत्या. त्या बाहेर आल्या, पायरी उतरल्या, आणि दोन्ही पावलं नेमकी डायनासोरच्या पोटात ठेवून उभ्या राहिल्या.

"हलू नका!" बोळकी म्हणाली.

मोठ्या बाईंना 'हलू नका' असं म्हणायची आजवर कुणाची टाप नव्हती. नवलाने त्या खरोखरच हलल्या नाहीत.

"काका! टोल का नाही पडला?"

"शूऽऽऽ!" सगळा वर्ग.

"टोल का नाही पडला?" मोठ्या बाईंनी विचारलं, आणि आपण कुजबुजतोय हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"झोपलाय," काका म्हणाले.

"कोण?"

"तुम्ही ज्याच्या पोटात आहात तो."

मोठ्या बाईंनी खाली पाहिलं. मग डावीकडे, फाटकाबाहेर गेलेल्या मानेकडे. मग उजवीकडे, नळांपाशी वळलेल्या शेपटीकडे. "नव्या बाई."

"हो, मोठ्या बाई."

"हाच तिसरा तास समजायचा का?"

"समजायचा."

"बरं." मोठ्या बाईंनी पोटातूनच मुलांकडे पाहिलं. "हा खातो काय?"

"पाला," भोंगा कुजबुजला. नव्या बाईंनी त्याचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"कशावरून?"

"दात बघा ना, बोथट आहेत. फाटकाबाहेर आहेत. फाडून खाणाऱ्याचे टोकदार असतात."

"मान एवढी लांब कशाला?"

"एका जागी उभं राहून लांबचं खाता येतं."

"आळशी आहे," कुणीतरी भर घातली.

"पण याला तर कुणीच पाहिलेलं नाही. मग हे सगळं कळलं कसं?"

"हाडांवरून! हाडांचे दगड झाले, ते सापडले."

"आणि बटणं?"

"बटणं नाही सापडली," त्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं. "ती मी दिली."

मोठ्या बाईंच्या तोंडावरची एकही रेघ हलली नाही. पण नव्या बाईंच्या जिवात जरा जीव आला. तेवढ्यात बोळकीच्या कपाळाला आठी पडली. "बाई, हा शाकाहारी आहे ना?"

"हो."

"मग मोठ्या बाई पोटात कशा?"

सगळी मुलं वाकून पोटाच्या रेघेकडे बघू लागली.

"खाल्ल्या असतील," एक जण म्हणाला.

"शाकाहारी प्राणी मुख्याध्यापिका खात नाहीत," बोळकीने ठणकावलं. "आता त्याचं पोट दुखणार."

"माझ्यामुळे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो."

वरच्या खिडकीत येऊन उभे राहिलेले गणिताचे सर यावर जोरजोरात मान डोलावत होते, असं सातवीची मुलं अजूनही सांगतात.

"मग मी बाहेरच येते कशी," मोठ्या बाईंनी पाय उचलला.

"नको! रेघ पुसेल! पोट फाटेल!"

"ओलांडून येते."

"पोट ओलांडून येता येत नाही," बोळकी म्हणाली. "पोटाला काय दार असतं?"

पाय हवेत धरून मोठ्या बाईंनी नव्या बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत जागा होती, पगार होता, पहिलीचा वर्ग होता. नव्या बाईंना वाटलं, आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही दोन बसएवढा. आणि वाटता वाटता त्या म्हणाल्या, "असतं की! काढू या दार!"

"कोण काढणार?"

कुणीच पुढे होईना. दार काढायचं म्हणजे मोठ्या बाईंच्या पायांशी जाऊन बसायचं. तीसच्या तीस डोकी नव्या बाईंकडे वळली. बाई गुडघ्यांवर बसल्या. एक उभी रेघ. दुसरी उभी रेघ. वर एक आडवी. मग त्यांनी डोळे मिटले आणि आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला, "सांगा बरं, हे काय?"

"दार!" तीस कुजबुजी एकदम उठल्या.

किटली नाही, बटाटा नाही. दार! नव्या बाईंचा ऊर भरून आला.

"कडी?" मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी कडी काढली. मोठ्या बाई वाकल्या, त्यांनी कडी सरकवली, दार ढकललं, डोकं आपटू नये म्हणून जरा मान वाकवली, आणि बाहेर आल्या. शिस्तीच्याच त्या. वळून त्यांनी दार लावूनही घेतलं.

"आता," त्या हलकेच म्हणाल्या, "वर सातवीला भूक लागली असेल. उठल्याबरोबर याला काय लागेल, सांगा पाहू?"

"पाणी!"

"ते तर फाटकाशी आलंच आहे. अजून?"

"पाला!"

भराभर टँकरशेजारी हिरव्या खडूचा ढीग झाला. बोळकीने समजावून सांगितलं की समोर खायला-प्यायला दिसलं की तो दचकणार नाही, शेपूट अलगद ओढून घेईल आणि सरळ बाहेर निघून जाईल. मग तिने बोट ओलं करून मिटलेला डोळा पुसला आणि उघडा काढला. हाक मारायचा मान भोंग्याला मिळाला. बिचाऱ्याने तासभर आवाज पोटात कोंडून ठेवला होता.

"ऊऽऽऽऽठ!"

टँकरवाल्याचं डोकं टपावर आपटलं. समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. शिपाईकाकांनी तुंबलेले सगळे टोल एका दमात देऊन टाकले, आणि डबे हातात घेऊन शाळा धबधब्यासारखी खाली कोसळली. बघता बघता पायांखाली डायनासोर पुसून गेला. नव्या बाईंनी घाबरून बोळकीकडे पाहिलं, पण ती शांतपणे डबा उघडत होती. "तो कधीच गेला, बाई. ही नुसती जागा आहे."

संध्याकाळी धाकटी बहीण दारातच उभी होती. "काय गं, कुणी चुकलं म्हणालं का?"

"एक बोळकी म्हणाली."

"मग? वर्ग मिळाला?"

"काय माहीत. मोठ्या बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसतं दार लावून घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगण धुऊन लख्ख झालं होतं, पण पहिलीची सगळी मुलं भिंतीकडेने वळसा घालून येत होती. शिपाईकाकाही. नव्या बाई ऑफिसात शिरल्या तेव्हा मोठ्या बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या.

"तुमच्या फळ्यावरचं चित्र मी नंतर पाहिलं. ती उशी."

"ती उशी नव्हती, मोठ्या बाई."

"पाय पाच होते."

मोठ्या बाईंनी टोक निरखून पाहिलं. "दार मात्र चांगलं होतं. पहिलीचा वर्ग तुमच्याकडेच राहील."

नव्या बाईंनी आभार मानले. त्या वळल्या, तोच मागून हाक आली. "आणि हे बघा. शनिवारी पालकांची सभा आहे. मागच्या वेळी सगळे इतके ओरडत होते, की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता." मोठ्या बाईंनी एकदा बाहेरच्या मोकळ्या पटांगणाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो पुन्हा झोपवता येईल का?"

"येईल की. पण मोठ्या बाई, मला चित्र..."

"चित्र मुलं काढतील. तुम्ही फक्त झोपवायचं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि दार या वेळी जरा रुंद काढा. पालक बरेच आहेत."